बंदुकीचा कान

ठासणीच्या बंदुकीचे आवाज दोन असतात. आधी घोड्याखालची ठिणगीची टोपी फुटते तो बारीक टच, आणि त्याच्या पाठोपाठ बार. दोन्ही इतके लागून येतात की ऐकणाऱ्याला एकच वाटतात. वडिलांना कोणी बंदुकीचं कौतुक करून विचारलं, की ते म्हणायचे, "मन्ही बंदूकना टच आयकू येत नही, म्हनीसन ती चांगली शे." त्या सकाळी मला टच ऐकू आला. स्वच्छ आणि एकटा. त्याच्यामागून यायला हवं होतं ते आलंच नाही.

मी तेव्हा आमच्या मक्याच्या एका टोकाला पत्र्याचा डबा बडवत उभा होतो. संक्रांत होऊन गेली होती, कणसात दूध भरलं होतं आणि रानडुकरांनी वावराची पार वाट लावली होती. त्यांना हाकलायची आमची पद्धत ठरलेली होती. एकानं एका बाजूनं डबा वाजवायचा, दुसऱ्यानं दुसऱ्या टोकाला बंदूक घेऊन थांबायचं. डब्यानं डुकरं उठतात आणि आवाजापासून लांब पळतात. ती त्या टोकाजवळ आली की हवेत बार काढायचा. छर्रे घालायचे नाहीत, नुसती दारू आणि वर चिंधीचा बोळा. बार झाला की कळप घाबरून वळतो आणि मोकळ्या ठेवलेल्या बाजूनं तापीच्या काठाकडे निघून जातो. बार झाला नाही तर कळप वळत नाही. मी जे उठवलं ते सरळ माझ्या बापावर गेलं.

हे मी आज सरळ लिहितोय, पण तेव्हा मला काहीच कळलं नव्हतं. टच ऐकूनही माझा हात डबा बडवतच राहिला. मग वडील ओरडले. मी मक्यातून पळालो तेव्हा पानं तोंडावर फटाफट लागत होती, आणि पोचलो तेव्हा ते बांधाला टेकून बसले होते. बंदूक मांडीवर आडवी होती. मांडी म्हणण्यासारखं तिथे फार काही राहिलं नव्हतं. मादी होती, मागे पिल्लं होती, तिनं खालून वर फाडलं होतं. मी डोक्याचा रुमाल सोडून आवळून बांधायला लागलो, तर ते माझ्याकडे बघत नव्हते. ते बंदुकीच्या घोड्याकडे बघत होते.

"टोपी फुटनी," ते म्हणाले. "बार व्हयना नही. कसाकाय?"

मी म्हणालो, "आबा, बोलू नका." पण नंदुरबारच्या सरकारी दवाखान्यापर्यंत, शेजाऱ्याच्या गाडीत, माझ्या मांडीवर डोकं ठेवून ते तेवढंच बोलत राहिले. बार का झाला नाही.

हा माणूस कसा होता ते सांगितल्याशिवाय पुढचं समजायचं नाही. आमचं गाव धानोऱ्याच्या बाजूला. जमीन काळी, पाणी बरं, घरात एक जण पगारावर असावा अशी सगळ्यांची रीत, तसा मी एसटीत कंडक्टर. वडिलांना माझ्या नोकरीपेक्षा माझ्या बसची थट्टा करण्यात जास्त रस. थंडीत आमची गाडी धक्का मारल्याशिवाय सुरू होत नाही हे त्यांनी एकदा स्टँडवर डोळ्यांनी बघितलं होतं. तेव्हापासून घरी पाहुणा आला की सुरू, "पोऱ्यानी बस पन्नास मानसं लोटतंस तव्हय पेटस. मन्ही बंदूक एक बोटवर." आणि ते खरंच होतं. आजोबांच्या वेळेपासूनचा पीक राखायचा परवाना, तितकीच जुनी बंदूक, आणि माझ्या आठवणीत ती एकदाही फुसकी गेली नव्हती. माणसाला कसला ना कसला अभिमान लागतो. कोणाला मुलाचा असतो, माझ्या बापाला बाराचा होता.

दवाखान्यात जखम धुतली, टाके घातले, रक्त चढवलं. साखर त्यांना आधीपासून होती. दोन-तीन दिवस बरं वाटलं, मग पायाचा रंग बदलायला लागला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. विष रक्तात उतरतंय, ते म्हणाले. पाय काढावा लागेल, आणि पाय काढायचं हृदयाला झेपेल की नाही ते सांगता येत नाही. मी मान हलवली. भिंतीला टेकून उभा राहिलो आणि समोरच्या नळाखाली एक बाई डबा घासत होती तिच्याकडे बघत बसलो.

वडिलांना पायाचं काहीच पडलं नव्हतं. त्यांना ताप चढला की ते पुन्हा पुन्हा तो बार भरायचे. पडल्या पडल्या, हातांनी, हवेत. दारू मापून नळीत ओतायची, चिंधी घालायची, गजानं ठासायचं, घोडा अर्धा ओढायचा, टोपी बसवायची. मग हात थांबायचा.

"टोपी मी दाबी व्हती ना?" ते मला विचारायचे.

"दाबली होती, आबा."

"तू देखं का?"

मी वावराच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी कुठून बघणार?

"दारू ओली व्हती का मंग? का मन्हा हात कापना? सांग ना रे. मन्हाच हात चुकना का?"

आई पायाशी बसलेली असायची. ती त्यांचा हवेतला हात धरून खाली ठेवायची. तो पुन्हा वर जायचा. मी आजवर गर्दी पाहिली, मारामाऱ्या पाहिल्या, चालत्या बसमध्ये बाळंतपण पाहिलं, पण तो रिकामा हात बघवत नव्हता. पाय गेला असता तर चाललं असतं. जीव जाणार हेही त्यांनी बहुतेक मनाशी धरलं होतं. पण चाळीस वर्षं चुकला नाही तो हात शेवटी चुकला, हे मनात घेऊन त्यांना जायचं नव्हतं. आणि मला ते बघायचं नव्हतं.

बंदूक घरी तशीच पडली होती, आत भरलेला बार घेऊन. टोपी फुटलेली, दारू शाबूत. म्हणजे चूक कुठे झाली ते तिच्या आतच बसलेलं होतं. परवान्यावर वडिलांच्या सोबतीला माझं नाव होतं, त्यामुळे ती नेण्याची मला मुभा होती. ठाण्यात जाऊन सांगून आलो, परवाना खिशात घातला, बंदूक गोधडीत गुंडाळली आणि विसरवाडीला निघालो. तिथे हायवेवर, ट्रकांच्या टायरवाल्यांच्या रांगेत, एक म्हातारा आहे. बाहेर ट्रॅक्टरच्या वेल्डिंगचं दुकान, आत बंदुका दुरुस्त करायचा जुना परवाना. वडील वर्षानुवर्षं त्याच्याकडेच जायचे. घरून निघताना आईला सांगितलं नाही. ती दवाखान्यात होती.

म्हातारा नवापूरच्या डोंगरपट्टीतला, घरात तिथली आदिवासी कोकणी बोलणारा, भिंतीवर येशूचं चित्र, स्वभावानं कडू. मी सगळं सांगितलं तर त्यानं हळहळण्याऐवजी मलाच झापलं. "भरलेली बंदूक गोधडीत गुंडाळून मोटारसायकलवर आणली? अक्कल कुठे ठेवली?" मी म्हटलं, अक्कल दवाखान्यात आहे, लवकर उघडा. त्यानंतर तो जरा निवला. नळीत पाणी ओतून ठेवलं, आतली दारू मरायला. मग चहा सांगितला. मला तिथे बसून चहा प्यायचा म्हणजे शिक्षा वाटत होती. प्रत्येक ट्रक गेला की पत्रे हलायचे आणि मला वाटायचं, तिकडे तेवढ्यात काही झालं असेल.

इथे थोडं बंदुकीचं सांगतो, कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. ठासणीच्या बंदुकीची नळी पुढून उघडी आणि मागून बंद असते. मागचं तोंड बंद करायला एक लोखंडी पेच आत पिळून बसवलेला असतो, त्याला आम्ही बुडाचा पेच म्हणतो. दारू त्याच्या पुढ्यात येऊन बसते. बंदुकीच्या कुशीला, घोडा पडतो तिथे, एक छोटी पोकळ खुंटी असते. तिच्यावर टोपी बसते. खुंटीच्या त्या भोकाला म्हणतात कान. घोडा टोपीवर पडला की ठिणगी कानातून आत शिरते, पेचाच्या पोटातल्या बारीक वाटेनं जाते आणि दारूला भेटते. चांगल्या पेचात ही वाट आखूड आणि सरळ. आमच्यात ती कुशीतून आत जाऊन काटकोनात वळत होती. त्या वळणावर काजळी साठते, ओल धरते, म्हणून वळणाच्या समोर बाहेरून एक छोटा स्क्रू दिलेला होता. तो काढला की सळई घालून वाट साफ करता येते. बास, एवढंच यंत्र. त्या एवढ्याशा वाटेवरून आग गेली तर बार, नाही गेली तर टच.

पेच काही केल्या सुटेना. आजोबांच्या वेळेपासून तो कोणी उघडलाच नसावा. म्हाताऱ्यानं तेल सोडलं, तापवला, ठोकला, पुन्हा तेल सोडलं, शिव्या घातल्या. मी उभ्यानं बघत होतो. शेवटी लांब दांड्याच्या पान्यावर आम्ही दोघं लटकलो तेव्हा तो कर्रर करून हलला. मागून गजानं ढकलून त्यानं भिजलेली दारू आणि चिंधी बाहेर काढली. चिंधी घट्ट होती, दारू बरोबर मापाची होती.

"भरायला काही चुकलेलं नाही," तो म्हणाला. "माणसानं बार नीट भरलाय."

मला रडू आलं. तिथल्या तिथे, ग्रीसच्या वासात. मला वाटलं आता गाडीला किक मारावी आणि सरळ जाऊन हे सांगावं. पण म्हातारा पेच उजेडात धरून वळणाच्या भोकात सळई घालत होता, आणि सळईच्या टोकाला काहीतरी लाल निघत होतं.

"गंज?" मी विचारलं.

त्यानं ते बोटावर चोळलं, नाकाशी नेलं आणि माझ्याकडे हात केला. "गंजाला तुपाचा वास येतो का?"

कुंकू होतं. तुपात कालवलेलं कुंकू, वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं. कानाच्या भोकापासून वळणापर्यंत वाट बुजलेली होती.

मला सगळं तिथेच कळलं. दसऱ्याला आमच्या घरी नांगर, कोयते, पाना-पक्कड यांच्याबरोबर बंदुकीचीही पूजा होते. झेंडू, आपट्याची पानं, हळद-कुंकू. पण बंदुकीचं आईचं आणखी एक असायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला कोणीतरी सांगितलं असणार की ह्या भोकाला कान म्हणतात. तापीकाठी प्रकाशा गावच्या महादेवाच्या देवळात बायका नंदीच्या कानात आपलं मागणं सांगतात, तशी ती बंदुकीवर वाकायची, एक हात आडवा धरायची आणि कानात काहीतरी पुटपुटायची. मग सांगितलेलं बाहेर सांडू नये म्हणून कान तूप-कुंकवानं बंद करायची. बोटानं दाबून, चांगलं आतपर्यंत. लहानपणी मी विचारायचो, काय सांगितलंस? ती म्हणायची, "सांगी दिधं का फळत नही." आम्हा भावंडांना त्याचं हसू यायचं. वडील तेव्हा ओसरीवर पान लावत बसायचे आणि आम्हाला दटावायचे, हसू नका म्हणून. कोजागिरीपर्यंत त्या पूजेला कोणी हात लावायचा नाही असा आईचा नियम होता.

मला आईचा राग आला. आयुष्यभर तिनं तव्यावरची भाकरी करपू दिली नाही आणि इथे बंदुकीच्या कानात तूप! कोणी सांगितलं होतं? कोणाला विचारलं होतं? मला तिच्यापुढे जाऊन ते लाल बोट धरावंसं वाटलं. मग लगेच वाटलं, हे तिला कळलं तर ती उद्याचा दिवस बघणार नाही. दोन्ही एकदम वाटत होतं आणि दोन्ही खरं होतं.

"पण हे इतकी वर्षं चालू आहे," मी म्हाताऱ्याला म्हणालो. "मग आजवर बंदूक वाजत कशी होती?"

त्यानं बाजूचा तो छोटा स्क्रू माझ्या तळहातावर ठेवला. "पेच जन्मात उघडलेला नाही. हा बघ मात्र. खाच चकचकीत आहे, कडा झिजल्यात. हा कोणीतरी नेमानं उघडतो. त्या बाजूनं वाट साफ करतो." मग तो सळई पुसायला लागला. "तुमच्या वडिलांना मी एकदा नवा पेच करून देतो म्हटलं होतं. कान मागे घेऊ, आग सरळ दारूच्या पोटात जाईल, वळणाची कटकटच नको. परवानगी काढा, करून देतो म्हटलं. तर म्हणाले, नको. आमच्या घरी कानाची पूजा होते, कान जिथे आहे तिथेच राहू द्या."

मी त्याला पेच परत बसवायला सांगितलं. वाट आता साफ होती. जाताना तो म्हणाला, "आता वाजेल." मला त्याचा काही उपयोग नव्हता.

परतीच्या वाटेवर नवापूरकडून येणारे उसाचे ट्रक एकामागून एक जात होते. मी मनात वाक्यं जुळवत होतो. वडिलांना सांगायचं, तुमचा हात चुकला नाही. ते विचारणार, मग काय चुकलं? आणि आई पायाशी बसलेली असणार. ती तिथून हलत नव्हती, जेवायलासुद्धा नाही. बापाला सोडवायचं तर आईला त्यात बुडवायचं, अशी ती गाठ होती. मी नंदुरबारला पोचेपर्यंत ठरवलं की गंज म्हणायचं. गंजाला कोणी आई-बाप नसतो.

वडील जागे होते, तापानं डोळे लाल, ओठ सुकलेले. मला बघताच हात हवेत थांबला. विसरवाडीला जाऊन आलो हे त्यांना मी काही न सांगताच समजलं. माझ्या शर्टाला ग्रीस लागलं होतं.

"खोला का पेच?"

"खोलला, आबा. बार तुम्ही बरोबर भरला होता. दारू बरोबर, चिंधी बरोबर. तुमचा हात चुकला नाही. आत गंज होता."

"कोठे?"

"वळणावर."

ते माझ्याकडे बघत राहिले. खोटं पकडायला त्यांना कधीच वेळ लागत नसे. त्यांनी मान वळवून आईला सांगितलं, "मन्हं तोंड सुकी ऱ्हायनं. चहा लय ना जरा, बाहेरना. इठला पानचट ऱ्हास." चहा त्यांना बंद होता. आईला तेही माहीत होतं. पण ती उठली, पदर सारखा केला आणि बाहेर गेली.

"लाल व्हता?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तूपना वास?"

मी मान डोलावली. ते डोळे मिटून पडले. मला वाटलं, आता संपलं, हे कळून त्यांचा धीर सुटणार. पण त्यांच्या ओठांवर थट्टा करताना यायचं तसलं हसू आलं, अगदी थोडं.

"मी दरसाल काढस," ते म्हणाले. "कोजागिरी व्हयनी का दुसरे दिन, ती पानीले गई का. तो बारीक स्क्रू खोलस, सळई घालस, पुसी टाकस. तिले मालूम नही. औंदा कोजागिरीना पहिलेच बंदूक ठाणामा गई ना. निवडणूक." आणि मग, दम खात, "वापस उनी तव्हय ध्यानमाच ऱ्हायनं नही. कान साफच ऱ्हास, असं मन्हा डोकामा. भुली गऊ."

तसंच झालं होतं. त्या वर्षी दसरा होतो न होतो तोच आचारसंहिता लागली आणि आजूबाजूच्या गावांतल्या सगळ्या परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. पुढे एकामागून एक निवडणुका, एकामागून एक निरोप, आज नाही उद्या. कान बुजलेली बंदूक तिथल्या खोलीत महिनोन्महिने भिंतीला टेकून उभी राहिली. परत मिळाली तेव्हा मक्यात डुकरं होती. वरचं कुंकू हाताळण्यात कधीच पुसून गेलं होतं; वडिलांनी घाईत नळीतून चिंधी फिरवली आणि पहाटे बार भरला. टोप्या मोजक्याच उरल्या होत्या, म्हणून एक टोपी नुसती फोडून वाट मोकळी आहे का तेही बघितलं नाही.

"मंग बार मी बराबरच भरेल व्हता ना?" त्यांनी पुन्हा विचारलं.

"बरोबर भरला होता, आबा."

"टोपी बसेल व्हती?"

"घट्ट बसली होती. फुटली ना, मी ऐकली."

"हां." त्यांनी सुस्कारा सोडला. मग माझं मनगट धरलं. त्या हातात तेव्हा कुठून जोर आला माहीत नाही, मला दुखलं. "तिले सांगू नको. कव्हयच नही. गंज व्हता."

आई चहा घेऊन आली. त्यांनी दोन चमचे घेतले आणि तिला म्हणाले, "गंज व्हता म्हने वं." आईनं ग्लास खाली ठेवला आणि त्यांचं तोंड पुसलं. त्यानंतर त्यांचा हात पुन्हा हवेत गेला नाही. माझ्या सगळ्या धावपळीतून मला मिळालं ते एवढंच, आणि मी ते अजून धरून आहे. पाय काढायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी, वॉर्डात जेवणाची गाडी फिरत असताना, ते गेले.

पुढचे दिवस लोक येत-जात राहिले. मी प्रत्येकाला बंदुकीत गंज होता असं सांगितलं. सांगून सांगून माझाच त्याच्यावर विश्वास बसायला लागला होता. आईकडे मात्र मला बघवत नव्हतं. ती भाकरी वाढायला वाकली की मला तिच्या बोटाकडेच बघावंसं वाटायचं. राग गेला नव्हता. राग आणि कीव एकाच ताटात वाढल्यासारखी होती, आणि घास काही उतरत नव्हता.

बाराव्या-तेराव्याचं उरकलं तसा ठाण्यातून निरोप आला. मूळ परवाना ज्याच्या नावावर तो माणूस गेला, तेव्हा बंदूक जमा करा. मी सकाळी ती पुसली, गोधडीत गुंडाळायला ओसरीवर घेतली, तर आई आतून ताट घेऊन आली. ताटात दिवा, हळद, कुंकू, तुपाची वाटी. दसऱ्याचंच ताट. तिच्या स्वतःच्या कपाळावर काही नव्हतं. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

"जाऊ दे ना माय," मी म्हणालो. "आते कशाले?"

"घरमातून जाई ऱ्हायनी ना ती," ती म्हणाली. "आशीच कशी धाडू?"

तिनं बंदुकीवरून दिवा ओवाळला. लाकडी दस्त्याला हळद-कुंकू लावलं. मग ती वाकली, हात आडवा धरला आणि कानाशी तोंड नेलं. मी दुसरीकडे बघत राहिलो. ती खूप वेळ वाकलेली होती, दर वर्षीपेक्षा जास्त. मग सरळ झाली, वाटीत बोट बुडवलं, कुंकवात घोळवलं आणि कानापाशी नेलं. तिथे ते थांबलं. तूप ओघळून तिच्या मनगटावर आलं.

"इतला साल मी सांगू," ती म्हणाली, "आनि तुन्हा आबा काढी टाकेत. कोजागिरीना दुसरे दिन. मी पानीले जाऊ तव्हय."

"तुले मालूम व्हतं?"

"मालूम व्हतं. म्हनीसन तं मी त्या दिन मुद्दाम येळ करीसन येऊ, आडवर गर्दी नही ऱ्हायनी तरी. त्यास्नं व्हई जाऊ दे म्हनीसन." ती बोटाकडे बघत होती. "औंदा मी वाट देखी. बंदूक उनी तव्हय माले वाटनं, सांगू का. मंग वाटनं, त्या काढतीनच. त्या कव्हयच भुलतंस नही."

"माय, गंज व्हता."

"हां," ती म्हणाली. "त्यास्नीबी माले तेच सांगं व्हतं."

मी तिला विचारलं नव्हतं, पण तिनं आपणहून सांगितलं, इतक्या वर्षांत पहिल्यांदा. दर दसऱ्याला ती एकच मागायची. ह्या माणसाला वावरातून घरी आणून सोड. एवढंच. मग तिनं पदराचं टोक घेतलं आणि बोटावरचं सगळं तूप-कुंकू पुसून टाकलं, नखातलंसुद्धा. कान उघडाच ठेवला.

"लई जाय," ती म्हणाली.

मी बंदूक गोधडीत गुंडाळली आणि ठाण्याकडे निघालो. तिथल्या हवालदारानं नळी उलटून पाहिली, घोडा ओढून सोडला आणि विचारलं, चालते का ही? मी म्हटलं, चालते.